किल्लारी, नामविस्तार आणि नांदेडचे विद्यापीठ : मराठवाड्याचे बारा महिने

१/ सप्टेंबर १९९३ ते सप्टेंबर १९९४. या काळात किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, मराठवाडा विद्यापीठाचे नाव बदलले आणि त्याचे विभाजनही झाले. या घटना सहसा वेगवेगळ्या सांगितल्या जातात. एकत्र वाचल्या, की समतेच्या प्रश्नाला शासनाने दिलेली दोन निराळी उत्तरे दिसतात.

२/ मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादला स्थापन झाले. त्याआधीच, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेथे महाविद्यालय काढले होते. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. गावकुसाबाहेरच्या कित्येक घरांतील पहिला पदवीधर तेथे घडला.

३/ विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. मुख्यमंत्री होते शरद पवार. लगेच दंगली उसळल्या. विरोधाची सुरुवात शहरांतील विद्यार्थी आंदोलनांतून झाली. आग मात्र खेड्यांतील दलित वस्त्यांना लागली. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ठरावाची अंमलबजावणी थांबली.

४/ विरोधक प्रादेशिक अस्मितेचा दाखला देत होते. नामांतरवाद्यांचा प्रश्न साधा होता : ज्यांनी या भूमीत वंचितांसाठी उच्च शिक्षणाचे दार उघडले, त्यांचे नाव विद्यापीठाला का नको? १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरहून लाँग मार्च निघाला. सत्याग्रह आणि तुरुंगवास यांत विद्यार्थ्यांची एक पिढी घडली.

५/ ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबादच्या सीमेवरची धरणी हादरली. तीव्रता सुमारे ६.२, मृत्यू सुमारे ८,०००.

६/ एवढे मृत्यू का झाले? दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे कोसळले. शिवाय तत्कालीन भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. धोकाच गृहीत नव्हता, तर तयारी कुठून असणार?

७/ जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घराचे क्षेत्रफळ मात्र जमीनधारणेवर ठरले : भूमिहीन व अत्यल्प जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना ४००, सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यांना ७५०. भूकंपाने वाडा आणि झोपडी यांत भेद केला नव्हता. पुनर्वसनाच्या आराखड्याने तो पुन्हा आखला.

८/ याच काळात नामांतराचा लढा टोकाला पोहोचला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच होते. 'मराठवाडा' राहिला, बाबासाहेबांचे नावही आले. ही तडजोड साकारायला सुमारे साडेपंधरा वर्षे लागली.

९/ १७ सप्टेंबर १९९४, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूरची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. जून १९९३ मध्ये किल्लारीहून लातूरला पदवीसाठी आलेल्या एखाद्या विद्यार्थ्याची कल्पना करा. सव्वा वर्षात त्याने महाविद्यालयाच्या फलकावर विद्यापीठाची तीन नावे वाचली असतील. आणि सुटीत परतायला जुने गाव उरले नसेल.

१०/ किल्लारीनंतर महाराष्ट्राने जिल्हानिहाय आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार केले. २००१ च्या भूज भूकंपानंतर किल्लारीचा अनुभव देशपातळीवर उपयोगी पडला. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. भूकंपरोधक बांधकामाचा धडा धोरणाने घेतला. चौरस फुटांतून दिसलेल्या विषमतेची चर्चा मात्र फार कमी झाली. विद्यापीठाच्या कमानीवर समतेचे नाव कोरले जात होते, त्याच सुमारास किल्लारीच्या नव्या गावात घराचा आकार सातबारा पाहून ठरत होता.

(समाप्त)