वऱ्हाडच्या उन्हातला बर्फ

आमच्या मलकापुरात चैत्र-वैशाखात ऊन असे पडते की नळगंगेच्या पात्रातले गोटे हाताला चटका देतात. अशा गावात तीन-चार पिढ्यांपूर्वी काचेच्या बरणीत बसून बर्फ आला आणि बायाबापड्यांनी तो हौसेने तोंडाला लावला. पाठ्यपुस्तकात ही हकीकत नाही. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती कसे गेले हे मी मुलांकडून घोकून घेते. पण त्यांच्या पणजीच्या फडताळात 'स्नो' नावाची वस्तू कोणत्या वाटेने आली, हे कोणी विचारीत नाही. दिवाळीच्या फराळाबरोबर आज तेवढीच वाट चालून पाहू.

स्नो येण्याआधी आमच्या आज्या-पणज्या काही कोऱ्या चेहऱ्याने वावरत नव्हत्या. हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, हळद आणि दुधावरची साय ही तर रोजची. सणासुदीला, लग्नकार्याला आंबेहळद, वाळा, नागरमोथा, कचोरा कुटून चिकसा होई. दिवाळीत त्यालाच उटणे म्हणायचे. एरंडेलाचा दिवा लावून त्यावर पालथे भांडे धरायचे, जमलेली काजळी तुपात खलायची, की झाले काजळ. कुंकवाची कृती मला सर्वांत नवलाची वाटते. पिवळ्या हळकुंडांना टाकणखार आणि लिंबाचा रस पाजला की ती तांबडीलाल होतात. हे रसायनशास्त्र शिकायला कोणी विलायतेला गेले नव्हते. सोलापूर जिल्ह्यातले केम हे गाव तर कुंकवासाठीच नावाजले. कपाळावर आधी बोटाने मेण, मग त्यावर कुंकू. दोन्ही एकाच करंड्यात. खर्च म्हणाल तर जवळजवळ नाहीच. लागे तो वेळ, आणि कांडायला-कुटायला दोन हात.

१८६० नंतरच्या दशकात जी. आय. पी. कंपनीची आगगाडी वऱ्हाडात शिरली आणि मलकापूर मुंबईच्या रुळांवर आले. इथला कापूस तिकडे जाऊ लागला. तिकडचा साबण, कंगवा, आरसा, सुवासिक तेल इकडे येऊ लागले. आणि एक दिवस त्यांच्यासोबत स्नो आला.

ही मूळची इंग्रजी चीज. लंडनच्या बरोज वेलकम कंपनीने १८९२ च्या सुमारास 'हेझलिन स्नो' काढला. आत बर्फाचा कण नाही. चरबीतून निघणारे स्टिअरिक ॲसिड, त्यातले थोडे खाराने साबण केलेले, वर भरपूर पाणी आणि जराशी ग्लिसरीन, एवढाच तो मसाला. घोटून पांढरा, हलका लगदा होतो. कातडीवर चोळला की पाणी उडून जाते आणि दिसेल न दिसेल असा पापुद्रा मागे राहतो. विरघळणाऱ्या हिमासारखा नाहीसा होतो म्हणून तो स्नो. थंड देशात हे ठीक होते. आमच्याकडे दुपारी घाम सुटला की त्या पापुद्र्याला भेगा पडत आणि चेहरा पोपडे निघालेल्या भिंतीसारखा दिसे. तरीही बायकांनी तो सोडला नाही, कारण त्याला वास होता, बरणी होती, आणि ती बरणी घरातल्या एकीच्याच मालकीची असे. एकत्र कुटुंबात एवढी मालकी काही थोडी नव्हे.

विलायती स्नो साऱ्यांना परवडणारा नव्हता. तो देशी केला इब्राहिम सुलतानअली पाटणवाला या मुंबईच्या व्यापाऱ्याने. राजस्थानातल्या झालरापाटणहून आलेला हा बोहरी तरुण आधी अत्तरे-तेले करी. १९१९ साली त्याने 'अफगाण स्नो' बाजारात आणला. नावामागची आख्यायिका अशी की अफगाणिस्तानच्या बादशहाने मुंबईत ही बरणी पाहिली आणि 'मला माझ्या देशातल्या बर्फाची आठवण झाली' असे उद्गार काढले. कोणी हा बादशहा जहीरशहा म्हणतात. पण तो १९१४ चा, म्हणजे तेव्हा पाच वर्षांचे पोर! अमानुल्ला म्हणावे, तर युरोपच्या दौऱ्यावर निघालेला तो मुंबईला आला १९२७ च्या डिसेंबरात. म्हणजे बारसे आधी झाले आणि आत्या मागाहून आली. मला वाटते, १९१९ च्या मे महिन्यात अफगाणांशी इंग्रजांची लढाई जुंपली होती, वर्तमानपत्रांत रोज तेच नाव होते, आणि व्यापाऱ्याला तेवढे पुरते. हा अर्थात माझा तर्क.

त्याच स्नोवर स्वदेशीच्या दिवसांत बहिष्काराचे सावट आले होते, असेही सांगतात. बाटली आणि लेबल परदेशातले, म्हणून आतला मालही परका ठरला. मग गांधीजींनीच तो स्वदेशी असल्याचा निर्वाळा दिला. चळवळीतल्या बायकांनी विलायती साड्यांची होळी केली. स्नोची बरणी मात्र अशी वाचली.

पुढचे टप्पे झपाट्याचे आहेत. १९४१ मध्ये धारवाडला जन्मलेल्या आपल्या लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. हिंदी चित्रपटातली ती पहिली तारका. १९५२ साली टाटांनी 'लॅक्मे' सुरू केली. नाव फ्रेंच संगीतिकेचे, पण मुळात आपल्या लक्ष्मीचेच. त्याच वर्षी नागपूरहून मुंबईला गेलेल्या केशव विष्णु पेंढरकरांनी विको कंपनी काढली. तिची हळदीची क्रीम आली १९७५ साली. पांढऱ्या स्नोच्या राज्यात पिवळी! ती औषध की प्रसाधन, यावर अबकारी खात्याशी १९७८ पासून वाद चालला, तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत, आणि कंपनी जिंकली. आजीच्या वाटीतल्या हळदीला न्यायालयात उभे राहून आपली जात सांगावी लागली, याची मला मोठी गंमत वाटते.

'स्नो-पावडर' हा शब्द मात्र घरोघर टोमणा म्हणूनच वापरला गेला. शिकलेली सून नटवी, ही कल्पना त्याच बरणीतून निघाली. टोमणे मारणारी तीच घरे वधूपरीक्षेला मात्र मुलगी 'उजळ' आहे ना, हे आधी विचारीत. या दुटप्पीपणावर कारखानदारांनी इमले बांधले. गोरेपणाची क्रीम १९७५ मध्ये आली, आणि तिच्या नावातला 'फेअर' हा शब्द निघायला २०२० साल उजाडावे लागले. १९८० नंतर रुपयाच्या पुड्या आल्या, तेव्हा मजूर बाईलाही एकदा लावून पाहण्याची सोय झाली. पुडीबद्दल माझी तक्रार नाही. न पटले तर रुपयाच गेला.

तक्रार आहे ती बिननावाच्या डबीबद्दल. पुरातन काळापासून झटपट गोरेपणाचे दोनच उपाय चालत आले, शिसे आणि पारा. युरोपातल्या उमरावांच्या बायका शिशाचा पांढरा लेप लावीत. इंग्लंडातली रूपवती लेडी कॉव्हेंट्री १७६० मध्ये वारली, ती याच लेपाने असे मानतात. पारा कातडीतला रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा आठवड्यात उजळतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडात ठाण मांडतो. डबी थांबवली की रंग परत येतो. मूत्रपिंडाचे तसे नाही.

ही लांबची गोष्ट नव्हे. आमच्याच रेल्वेमार्गावरच्या अकोल्यातल्या एका महाविद्यालयीन तरुणीने स्थानिक ब्यूटी पार्लरवालीकडून अशी क्रीम घेतली. सगळ्यांनी तिच्या उजळपणाची वाखाणणी केली, म्हणून आईने आणि बहिणीनेही ती लावली. २०२२ मध्ये तिघींचीही मूत्रपिंडे दुखावली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा क्रीममध्ये मर्यादेच्या कितीतरी पट पारा निघाला. १९६२ च्या दुरुस्तीने औषधांच्या कायद्यात प्रसाधने आली, २०२० साली त्यांचे स्वतंत्र नियम झाले; डबीवर करणाऱ्याचे नाव, पत्ता, परवाना, तारीख हवी असे ते सांगतात.

यंदा मी दहावीच्या मुलींना घरातल्या डब्या-पुड्या वर्गात आणायला सांगितल्या. टेबल भरून गेले. आम्ही एकेकीवरचे बारीक अक्षर वाचले. एका चपट्या पांढऱ्या डबीवर बाईचे चित्र होते. पत्ता नाही, परवाना नाही, तारीख नाही. ती एका मुलीच्या मावशीची निघाली; मावशीचे स्थळ बघणे चालू आहे. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले आणि अकोल्याची हकीकत सांगितली. मावशीने सारे नीट ऐकून घेतले, चहा ठेवला, डबी हातात फिरवीत थोडा वेळ गप्प बसली, आणि म्हणाली, "बाई, रविवारी पाहुणे यायचे आहेत. तोवर दुसरे काय लावू?"