तलम कापडाचा परकर

श्रोतेहो, वैशाखातले ऊन म्हणजे काय, हे बारामती-इंदापूरच्या माणसाला सांगायला नको. पर्जन्यछायेतला हा मुलूख. अशा दिवसांत घरातल्या लेकीला जाड परकर नको वाटतो. मलमलीचा, चांगल्या घेराचा, वाऱ्याबरोबर हलणारा परकर शिवून द्या, पोर कशी खुलते बघा! आज आपण हा परकर शिवू, आणि शिवता शिवता त्याच्या कापडामागे किती इतिहास दडला आहे तेही पाहू.

एके काळी ढाक्याची मलमल साऱ्या जगात जात असे. पुढे विलायतेत गिरण्या निघाल्या आणि यंत्रावरचे स्वस्त कापड उलट आपल्याकडे येऊ लागले. आपल्या भागात ते पोचायला फार वर्षे लागली नाहीत. डिसेंबर १८५८ मध्ये पुण्याहून निघालेली आगगाडी इंदापूर तालुक्यातल्या डिकसळपर्यंत आली. बैलगाडीने जो माल दिवसच्या दिवस वाटेत असे, तो आता काही तासांत येऊ लागला. मुंबईतही त्याच सुमारास, १८५४ साली, कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली होती.

आता आपण म्हणाल, कापड स्वस्त झाले, मग गरिबाचे भले झाले असेल. तसे झाले नाही. का, ते पाहा.

इंग्रजांनी या इलाख्यात जमीन मोजून तीस वर्षांसाठी सारा ठरवण्याची पद्धत आणली, तिची सुरुवात १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात झाली. ती मुदत संपत आली, तोच १८६१ साली तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळला. कर्ज मात्र तसेच राहिले. त्यातच १८६७ पासून नवा, वाढीव सारा आला. कुणब्याने करावे काय? पुन्हा सावकाराकडे जावे आणि नव्या खतावर अंगठा उठवावा.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात याचा स्फोट झाला. सुपे आजच्या बारामती तालुक्यातले; त्या वेळी तालुका भीमथडी म्हणत. तिथे दुकानदार आणि सावकार यांची मोठी वस्ती होती. आसपासच्या गावचे शेतकरी जमले, त्यांनी वह्या आणि खते मागितली आणि ती जाळली. धान्याची दुकानेही लुटली गेली. हे लोण इंदापूर, पुरंदर, शिरूर आणि नगर जिल्ह्यापर्यंत गेले. सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्या कायद्याने थांबवले.

शिक्षकबंधूंनो, वर्गात हा धडा शिकवताना मुलांच्या सदऱ्याकडे बोट दाखवा. कापसाचा भाव अमेरिकेत ठरला आणि त्याची झळ सुप्याला लागली, हे त्यांना चटकन कळेल.

आता सुईकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत शिवणयंत्र निघाले आणि पुढे ते आपल्याकडेही आले. पंडिता रमाबाईंनी आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात, केडगावला मुक्ती सदन उभे केले. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुली-बायांना तिथे आसरा मिळाला, आणि विणकाम, शिवणकाम, छापखान्याचे कामही शिकायला मिळाले. १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले, तिथेही शिवणाचे वर्ग चालले. सुई हाती आली म्हणजे दोन पैसे स्वतःचे झाले, ही गोष्ट या दोघी रमाबाईंनी नीट ओळखली होती.

तर मग बसू या शिवायला. दहा वर्षांच्या मुलीसाठी कंबर २२ इंच आणि उंची २६ इंच धरा. ३६ इंच पन्ह्याची मलमल पावणेतीन वार घ्या. आधी रात्रभर पाण्यात भिजत घाला, कारण मलमल आटते. वाळली की हलकी खळ द्या. मग ती कात्रीखाली सरकत नाही. कापण्यापूर्वी आडवा एक धागा ओढून काढा. जी रेघ उमटेल, तिच्यावरूनच कापा. असे ३१-३१ इंचांचे तीन तुकडे करा आणि एकमेकांना जोडा. घेर सुमारे १०० इंच होईल. कापड जितके पातळ, तितका घेर जास्त हवा.

जोडताना सुलट बाजू बाहेर ठेवून काठाजवळ पहिली टीप मारा. उरलेला काठ बारीक कातरा, कापड उलटवा आणि दुसरी टीप मारा. सुटे धागे आत बंद होतात, शिवण उसवत नाही. सुई बारीक वापरा. कापड यंत्रात ओढले जात असेल, तर खाली पातळ कागद ठेवा आणि मागाहून फाडून काढा. वर नेफा करून नाडी ओवा. आतून साध्या कापडाचे अस्तर लावा, ते दोन-तीन इंच आखूड असू द्या. खालची दुमड चांगली तीन इंचांची ठेवा. पोर वाढली की ती सोडायची. आपल्या आजी-पणजींनी वाढत्या अंगाचे कपडे असेच शिवले. नव्या कापडासाठी दुकानाची पायरी एकदा तरी कमी चढावी लागे.

केंद्र सरकारच्या २००५ सालच्या योजनेतून बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत वस्त्रोद्योगाचे संकुल उभे राहिले. आजूबाजूच्या गावांतल्या पुष्कळ बायका तिथे यंत्रावर शिवणकाम करतात. ज्या मुलखात दीडशे वर्षांपूर्वी खतावर अंगठा उठत होता, तिथे आज बाई पगारपत्रकावर सही करते. सही करण्याआधी तिने कागद वाचावा, आकडा तपासावा. सुप्याच्या बाजारात जळलेल्या खतांनी आपल्याला एवढे तरी शिकवले आहे. लेकीला परकर शिवून द्या, शिवायलाही शिकवा, आणि हिशेब वाचायला तर आधी शिकवा.