ओल्या गादीचा इतिहास

मंडळी, आजचा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाही, म्हणूनच तो इथे काढतोय. झोपेत अंथरूण ओलं होणं. वैद्यकातला शब्द शय्यामूत्र. पाच वर्षांच्या शंभर मुलांमधल्या साधारण पंधरा जणांना हा त्रास असतो. वय वाढतं तसा तो बहुतेकांचा आपोआप जातो, पण मोठ्या माणसांतही शंभरात एखाद्याला राहतोच. म्हणजे दोनशे लोकांच्या ऑफिसात एक-दोघं असू शकतात. ते सांगत नाहीत आणि आपण विचारत नाही, इतकंच.

दुखणं मात्र फार जुनं. इजिप्तमधल्या एबर्स पपायरसमध्ये, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, यावर औषध लिहून ठेवलंय. रोमचा प्लिनी सांगतो, पोराला उकडलेला उंदीर खायला घाला! इंग्लंडमध्ये १५४० च्या दशकात थॉमस फेअरने मुलांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्यात अंथरुणात मुतण्यावर वेगळं प्रकरण आहे, आणि उपाय काय, तर कोंबड्याची श्वासनलिका, हेजहॉगची वृषणं नाहीतर बकरीचे खूर यांची भुकटी. हसू येतं ना? पण या वेड्या उपायांत एक गोष्ट बरी होती. ही मंडळी निदान त्याला आजार समजत होती.

पुढे औषधाच्या जोडीला छडी आली. जॉर्ज ऑरवेल, आपल्या बिहारमधल्या मोतिहारीला जन्मलेला, आठ वर्षांचा असताना इंग्लंडमधल्या एका निवासी शाळेत गेला आणि तिथे अंथरूण ओलं करू लागला. शिक्षा म्हणून हेडमास्तरांनी घोड्याच्या चाबकाने झोडपलं, इतकं की चाबूक मोडला, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. हा लेख तो गेल्यावर १९५२ मध्ये छापून आला. त्यातली मला सगळ्यात भयंकर वाटलेली गोष्ट माराची नाही. आपल्याला नको असताना, आपल्या नकळत आपल्या हातून पाप घडू शकतं, हे त्या पोराला पटलं होतं!

आता आपल्या आवडीचा भाग, म्हणजे सर्किट :-)

ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये माइनहार्ड फॉन फाउंडलर नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. वॉर्डमधलं कुठलं मूल ओलं झालंय हे नर्सला लगेच कळावं, म्हणून त्यांनी घंटी वाजवणारं एक यंत्र वापरलं आणि १९०४ मध्ये त्यावर लिहिलं. हेतू फक्त दुपटं बदलण्याचा. पण थोड्या दिवसांनी दिसलं की त्या घंटीवर झोपणारी काही मुलं अंथरूण ओलं करायचीच कमी झाली. नोटिफिकेशनसाठी बनवलेल्या वस्तूने मूळ दुखणंच बरं केलं! असा साईड इफेक्ट आपल्या कोडमध्ये कधी सापडायचा?

तरी पुढची तीसेक वर्षं ही गोष्ट फारशी कुणी मनावर घेतली नाही. मग १९३८ मध्ये अमेरिकेत होबार्ट मॉवरर आणि त्याची बायको विली मे यांनी ही कल्पना पुन्हा हातात घेतली. रचना अगदी सोपी. तारांच्या दोन जाळ्या, मध्ये कापड, एक बॅटरी, एक घंटी. कोरडं कापड वीज अडवतं. लघवीत क्षार असतात, त्यामुळे ती पडली की सर्किट पूर्ण आणि घंटी सुरू. मूल जागं होतं आणि उठून मोरीत जातं. असं रोज होत गेलं की मूत्राशय भरल्याची सूचना झोपेतही मेंदूपर्यंत पोचू लागते, असा त्यांचा हिशोब होता. ३० मुलांवर प्रयोग केला आणि सगळी कोरडी झाली, असं त्यांनी लिहिलं. नंतरच्या काटेकोर अभ्यासांत हा आकडा दोन तृतीयांशाच्या आसपास आला, तोही काही कमी नाही.

फ्रॉइडच्या पंथातल्या लोकांना हे रुचलं नाही. त्यांच्या मते ओली गादी म्हणजे मनातली खदखद. ती इथे दाबली की दुसरीकडून बाहेर येणार. मॉवरर दांपत्याला तसं काही दिसलं नाही. उलट कोरडी झालेली मुलं जास्त खुलली.

मग शरीराच्या आत काय चाललंय त्याचा शोध लागत गेला. रात्री लघवी कमी व्हावी म्हणून शरीर एक संप्रेरक जास्त सोडतं. यातल्या बऱ्याच मुलांत ही रात्रीची वाढ होतच नाही, हे डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकात दाखवलं. त्याच संप्रेरकाची कृत्रिम आवृत्ती म्हणजे डेस्मोप्रेसिन. (ते डॉक्टरच्या सल्ल्यानेच घ्यायचं, आणि घेतल्यावर रात्री पाणी मोजूनच प्यायचं, नाहीतर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.) १९९५ मध्ये डॅनिश कुटुंबांच्या अभ्यासात तेराव्या गुणसूत्रावर एक धागाही सापडला. आई-बाप दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला होण्याची शक्यता तीन चतुर्थांशाच्या वर जाते. म्हणजे पोरावर ओरडणारे बाबा बऱ्याचदा स्वतःचाच वारसा झोडपत असतात!

मोठ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. वर्षानुवर्षं कोरडं राहिल्यावर अचानक हे सुरू झालं, तर मधुमेह, झोपेत श्वास अडकणं, मूत्रमार्गाचा संसर्ग असं काही मागे असू शकतं. लाजून गादी पालथी घालण्यापेक्षा डॉक्टरकडे जावं.

या सगळ्या इतिहासात मला फाउंडलरची घंटी फार आवडते. ती ओरडली नाही, तिने चार पाहुण्यांसमोर कुणाला लाजवलं नाही. काय झालंय ते फक्त वेळेवर सांगितलं, आणि पुष्कळ मुलांना तेवढं पुरलं. पुढच्या वेळी गच्चीवर कुणाची गादी वाळत पडलेली दिसली, तर "कुणाची रे?" असं मोठ्याने विचारू नका, बास.