चिंचोक्याची खळ: गिरणगावापासून औषधी जेलपर्यंत (थ्रेड)

गिरणगावाचा इतिहास आपण बहुधा मालक, भोंगा आणि संप यांच्या अंगाने वाचतो. आज थोडे खळीकडे पाहू.

साच्यावर ताण्याचा धागा सतत घासला जातो आणि तुटतो. म्हणून विणण्याआधी त्याला खळ द्यावी लागते. लालबाग-परळच्या गिरण्यांत हे काम सायझिंग खात्याचे. खळ मुख्यतः स्टार्चची, म्हणजे मक्यासारख्या धान्याची. दुसऱ्या महायुद्धात नेमके धान्यच दुर्मीळ झाले. १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे दुष्काळाने मेली, मुंबईत रेशनिंग आले. अशा वेळी धान्य माणसाला द्यायचे की धाग्याला?

पर्याय गावाकडे जुनाच होता. घोंगडी विणणारे सनगर ताण्याला चिंचोक्याचीच खळ लावत आले आहेत. १९४३ च्याच सुमारास चिंचोक्याची भुकटी कारखान्यांत तयार होऊ लागली आणि सुती गिरण्यांत स्टार्चच्या जागी आली. (शहाण्या रसायनज्ञांच्या आधी सनगरांना हे ठाऊक होते, याची नोंद मात्र क्वचितच होते.)

चिंचोक्यात झायलोग्लुकान ही बहुशर्करा असते: ग्लुकोजची लांब साखळी आणि तिला झायलोज व गॅलॅक्टोजच्या फांद्या. अडचण अशी की ती थंड पाण्यात नीट विरघळत नाही, शिजवावी लागते. कॉस्टिक सोडा आणि मोनोक्लोरोअॅसेटिक आम्ल वापरून साखळीला कार्बोक्सिमिथाइल गट जोडले, की ती थंड पाण्यातही विरघळते. हा बदल कापडछपाईचा रंग दाट करण्यासाठी कामी आला.

औषधनिर्मितीच्या संशोधकांनी पुढे हाच पदार्थ उचलला. अशा बदललेल्या साखळ्या एकमेकींना बांधल्या, की पाणी धरून ठेवणारे जाळे, म्हणजे हायड्रोजेल, तयार होते. त्यातून औषध सावकाश झिरपते. दुसरी रीत अधिक विलक्षण आहे. विकराच्या साहाय्याने गॅलॅक्टोजच्या एक तृतीयांशाहून अधिक फांद्या छाटल्या, तर द्रावण गार असताना पातळ राहते आणि शरीराच्या उष्णतेने घट्ट होते. जिलेटिनच्या अगदी उलट! म्हणजे सुईने आत सोडलेले औषध आत जाऊन थिजते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. चिंचोक्याची बहुशर्करा मात्र टिकली. अश्रूंतील म्युसिनशी तिच्या रचनेचे साम्य असल्यामुळे कोरड्या डोळ्यांसाठीच्या थेंबांतही ती आज असते.