परराष्ट्र-साहाय्यावरील मुद्रा व तिचें वाचन

जुना कागद हातीं आला म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम मुद्रेकडे व नंतर मोर्तबाकडे जाते. मुद्रा कागद कोणाचा हें सांगते. मजकूर येथें संपला, यापुढें एक अक्षरहि वाढवावयाचें नाहीं, अशी मर्यादा मोर्तब घालतें. काय दिलें, कोणास दिलें व कोणत्या अटीवर दिलें, हें या दोहोंमधील मजकुरांत असतें. तिन्ही अंगें शाबूत असतील तरच सनद पुरी. विसाव्या शतकांत एका राज्यानें दुसऱ्या राज्यास दिलेल्या साहाय्यामुळें एक निराळाच साधनवर्ग उत्पन्न झाला : धान्याचीं पोतीं, तेलाचे डबे, औषधांच्या पेट्या, यंत्रांवर ठोकलेले पत्रे. यांवर मुद्रा ठळक असते. मजकूर व मोर्तब मात्र दूर कोठें तरी करारांच्या दफ्तरांत पडलेलें असतें. ही मुद्रा कशी घडत गेली, ती काय सांगते व काय सांगत नाहीं, याचा विचार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उदाहरणावरून येथें केला आहे. कायदा, चिन्ह व व्यवहार यांची सलग परंपरा तेथें सांपडते, आणि तिचा एक धागा आपल्या धान्यकोठारांपर्यंत व मराठी ग्रंथांपर्यंतहि येऊन पोंचतो.

या परंपरेच्या आरंभीं बेल्जममधील पिठाचीं पोतीं ठेवावीं लागतात. १९१४ सालीं जर्मन सैन्यानें तो देश व्यापल्यावर हर्बर्ट हूव्हर यांच्या नेतृत्वाखालीं एक साहाय्यमंडळ स्थापन झालें. मंडळ नांवानें खासगी होतें, तरी सरकारांचा पैसा त्यांत मोठ्या प्रमाणावर आला. अमेरिकेंतून येणाऱ्या पिठाच्या सुती पोत्यांवर गिरण्यांचीं, गांवांचीं व संस्थानांचीं नांवें छापलेलीं असत. बेल्जममधील स्त्रियांनीं व मुलींनीं या रिकाम्या पोत्यांवर भरतकाम केलें, आभाराचे शब्द विणले, व त्यांपैकीं कित्येक अमेरिकेस परत गेलीं. आयोवा संस्थानांत वेस्ट ब्रँच येथील हूव्हर यांच्या नांवाच्या ग्रंथालयांत अशा पोत्यांचा मोठा संग्रह आहे. देणाराचा लेख व घेणाराचें उत्तर एकाच वस्त्रावर असलेलें असें साधन पुढें फारसें आढळत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकार स्वतःच्या नांवानें दाता झालें. ३ एप्रिल १९४८ रोजीं अध्यक्ष ट्रुमन यांनीं ज्या कायद्यावर सही केली, त्यान्वये मार्शल योजनेखालीं पश्चिम युरोपास सुमारें १३०० कोटि डॉलरांचें साहाय्य मिळालें. हा माल कोणाचा, याचें श्रेय भलत्यास जाऊं नये म्हणून त्यावर राष्ट्रीय मुद्रेंतील ढालीच्या धर्तीचें चिन्ह आलें. ‘युरोपच्या पुनरुत्थानासाठीं, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं पुरविलेलें’ असा त्यावरील मजकुराचा आशय होता. १९५१ मध्यें साहाय्याचा कारभार परस्पर-संरक्षणाच्या नव्या कायद्याखालीं गेला, आणि ढालीवरील शब्द बदलून ‘स्वतंत्र जगासाठीं बळ’ असे झाले. १९५३ मध्यें त्याच ढालीवर एकमेकांत गुंफलेले दोन हात आले. पुढें १९६१ च्या परराष्ट्र-साहाय्याच्या कायद्यानें, या कायद्याखालील कामें परदेशांत अमेरिकन साहाय्य म्हणून ओळखूं यावींत, असें कलमच घातलें. त्याच वर्षीं स्थापन झालेल्या साहाय्यखात्यानें, म्हणजे यूसेडनें, हाताचें चिन्ह चालविलें.

अक्षरवटिकेवरून ताम्रपटाचा काळ ठरवितात, त्याप्रमाणें या शब्दांवरून व चिन्हांवरून मिति नसलेल्या पेटीचाहि काळ अजमावतां येतो. इतकेंच नव्हे, तर १९४८ सालचें ‘पुनरुत्थान’ १९५१ सालीं ‘बळ’ कां झालें, याचें उत्तर कोरियांतील युद्धांत व शस्त्रसज्जतेच्या नव्या धोरणांत आहे. मुद्रा दात्याचें मन दाखविते, ती अशी.

आतां मुद्रा काय सांगत नाहीं हें पाहूं, व त्यासाठीं हिंदुस्थानकडे वळूं. १५ जून १९५१ रोजीं झालेल्या कायद्याचें नांव ‘हिंदुस्थानास तांतडीचें अन्नसाहाय्य’ असें होतें. मजकूर वाचला म्हणजे कळतें कीं, आरंभीं देणगी म्हणून मांडलेली ही रक्कम अखेर १९ कोटि डॉलरांचें कर्ज ठरली. मथळा साहाय्याचा, मजकूर ऋणाचा.

यानंतर १० जुलै १९५४ रोजीं पी. एल. ४८० या क्रमांकानें प्रसिद्ध झालेला कायदा आला. त्यांतील एका भागाखालीं धान्य स्थानिक चलनांत विकलें जाई; इतर भागांखालीं संकटकाळीं किंवा धर्मादाय संस्थांच्या द्वारें तें फुकट दिलें जाई. फुकट धान्याच्या पोत्यांवर ‘अमेरिकेच्या जनतेकडून देणगी, विक्री किंवा अदलाबदल करूं नये’ अशा अर्थाचा लेख असे, आणि शक्य तेथें तो वांटपाच्या जागच्या भाषेंत असावा, असेंहि या कायद्याच्या परंपरेंत ठरलें. परंतु हिंदुस्थानांत आलेल्या धान्याचा फार मोठा भाग पहिल्या, म्हणजे विक्रीच्या, प्रकारांतील होता. ४ मे १९६० रोजीं वॉशिंग्टन येथें अध्यक्ष आयझेनहॉवर व मुंबईचे नेते, तत्कालीन अन्नमंत्री स. का. पाटील यांनीं सही केलेल्या करारान्वये चार वर्षांत १ कोटि ६० लाख टन गहूं व १० लाख टन तांदूळ यावयाचा होता, आणि त्याचें मोल रुपयांत द्यावयाचें होतें. त्यावेळीं अमलांत असलेल्या १९५४ च्या अमेरिकन नौकानयनविषयक कायद्यान्वये अशा मालापैकीं निदान अर्धा अमेरिकन गलबतांतूनच आणावा लागे. लोकांच्या तोंडीं मात्र हा सगळाच ‘मदतीचा गहूं’ झाला. एका वर्गाच्या पोत्यांवरील शब्द सगळ्या व्यवहारास चिकटले.

या व्यवहाराचें मोर्तब कोठें आहे? आमच्या मतें तें एका धनादेशांत आहे. विक्रीचे रुपये सांठत गेले. त्यांचा निकाल लावण्याचा करार झाल्यावर १८ फेब्रुवारी १९७४ रोजीं अमेरिकेचे वकील मॉयनिहन यांनीं १६६४ कोटि रुपयांचा धनादेश हिंदुस्थान सरकारास दिला. रोख किंमत घेऊन झालेली साधी विक्री म्हणावी, तर तिचा पैसा असा परत येत ना. आणि शुद्ध दान म्हणावें, तर परत करावयास पैसा सांठलाच नसता. पोत्यावरील एका शब्दांत न मावणारी ही गोष्ट करार व धनादेश एकत्र वाचल्यावांचून कळत नाहीं.

याच रुपयांतून ग्रंथसंग्राहकांस विशेष रस वाटावा असा एक उपक्रम निघाला. अमेरिकेच्या काँग्रेस-ग्रंथालयानें १९६२ पासून दिल्लींतील कचेरीमार्फत हिंदी भाषांतील पुस्तकें विकत घेऊन अमेरिकेंतील विद्यापीठांस पाठविण्यास आरंभ केला. मराठी पुस्तकेंहि त्यांत गेलीं. त्या काळच्या सूचिपत्रकांवर पी. एल. ४८० चा क्रमांक घातलेला आढळतो. ही छापहि साहाय्याचीच. पण तींत ‘देणगी’ नाहीं, ‘जनता’ नाहीं, फक्त कायद्याचा अंक आहे. संशोधकास हीच छाप अधिक उपयोगी. कारण ती आपला मूळ मजकूर कोठें शोधावा हें सांगते.

मुद्रेचा उपयोग होतो तसा अपायहि होतो. ऑक्टोबर १९०१ नव्हे, तर अगदीं अलीकडे ऑक्टोबर २००१ मध्यें अफगाणिस्तानांत अमेरिकन विमानांनीं अन्नाचीं पिंवळीं पुडकीं टाकलीं. त्यांवर हें अन्न अमेरिकन जनतेची भेट असल्याचें इंग्रजींत लिहिलें होतें. त्याच मोहिमेंत टाकलेल्या, न फुटतां पडून राहिलेल्या लहान बाँबांचा रंगहि पिंवळाच होता. तेथील कित्येकांस तो लेख वाचतां येण्यासारखा नव्हता. रंग तेवढा दिसत होता. पुढें पुडक्यांचा रंग बदलावा लागला. यूसेडनें २००४-०५ च्या सुमारास ‘अमेरिकन जनतेकडून’ हे शब्द चिन्हास जोडले व त्यांचे सविस्तर नियम केले. त्या नियमांतहि, जेथें चिन्हामुळें काम करणारांच्या जिवास धोका होईल किंवा निवडणूक-निरीक्षणासारख्या कामाची निःपक्षता ढळेल, तेथें अपवाद ठेवावा लागला. म्हणजे मुद्रा नसलेलें साहाय्य हें निनांवी दानच असेल, असेंहि गृहीत धरतां येत नाहीं.

ही रीत एका देशापुरती राहिली नाहीं. ब्रिटननें २०१२ मध्यें आपल्या साहाय्यावर राष्ट्रध्वज व ‘ब्रिटिश जनतेकडून’ अशा अर्थाचे शब्द आणले. दोन्हीकडे पैसा सरकारी तिजोरींतील व निर्णय मंत्र्यांचा, परंतु दाता म्हणून नांव जनतेचें. अमेरिकेंत १ जुलै २०२५ पासून यूसेडचें साहाय्य देण्याचें काम थांबून उरलेला कारभार परराष्ट्रखात्याकडे गेला, व अनेक चिन्हांऐवजीं राष्ट्रध्वज हेंच एक चिन्ह राहील असें जाहीर झालें. खातें गेलें, तरी मुद्रेची गरज गेली नाहीं.

आपल्याकडील एक जुना लेख याच्या शेजारीं ठेवून पाहावा. नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. भिक्षूंच्या निर्वाहासाठीं ३००० कार्षापण कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यांपैकीं २००० दरमहा शेंकडा एक या व्याजानें व १००० शेंकडा पाऊण या व्याजानें. मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याजच खावयाचें. इतकें सगळें दगडावर कोरलें आहे. उषवदातासहि कीर्ति हवी होती, यांत शंका नाहीं. पण त्यानें कीर्तीबरोबर हिशेबहि कोरला, आणि म्हणून आज आपण त्याचें दान तपासूं शकतों.

पोत्यावरील मुद्रा वाचतांना म्हणून तीन गोष्टी पाळाव्या. ती दात्याच्या दाव्याचा पुरावा मानावी, व्यवहाराचा नव्हे. तिचे शब्द कोणत्या सालीं कां बदलले, हें शोधावें. आणि तिच्यामागचा करार सांपडेपर्यंत ‘दान’, ‘ऋण’ व ‘विक्री’ यांपैकीं कोणताहि शब्द कायमचा लिहूं नये. आपल्या प्रांतांतील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, शाळांच्या अडगळींत व रास्तभावाच्या दुकानांच्या कोठ्यांत अशीं बारदानें, डबे व वांटपाच्या वह्या अद्यापि सांपडण्याचा संभव आहे. बारदान फाटतें, डबा गंजतो, वही रद्दींत जाते. पोथ्यांप्रमाणेंच त्यांचीहि नोंद व जपणूक संग्राहकांनीं करावी, आणि विशेषतः वांटपाची वही टाकूं नये. कारण पोत्यावर नसलेलें घेणाराचें नांव तिच्यांतच असतें.