फडाचे पाणी आणि गावाचा कालवा

श्रींच्या मंदिराचा जीर्णोद्धार गावाने वर्गणी व श्रमदानातून पार पाडला. याच रीतीने पांझराकाठच्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या आणखी एक वास्तू सांभाळली होती, तिची नोंद या स्मरणिकेत असणे उचित होईल. ती वास्तू म्हणजे बंधारा व त्याचा कालवा.

खानदेशात पांझरेवर आणि बागलाणात मोसम व आरम या नद्यांवर सुमारे तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत चालत आली. नदीला आडवा दगडी बंधारा, त्यातून कालवा, कालव्याला चाऱ्या, आणि चाऱ्यांखालची जमीन फडांत विभागलेली. नदीचे पाणी पाहून कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू आणि कोणता पडीक, हे खातेदार एकत्र बसून ठरवीत. एका फडात एकच पीक. पुढील साली ते दुसऱ्या फडात जाई. त्यामुळे एखाद्या पिकाची कीड व तण त्याच जमिनीत ठाण मांडून बसत नसे.

खातेदाराने स्वतः दारे धरायची नाहीत, हा यातील खरा कणा. पाणी देण्याचे काम पाटकऱ्याचे, त्याच्यावर देखरेख हवालदाराची, आणि गुराढोरांपासून पीक राखण्याचे काम जागल्याचे. मोबदला बहुधा धान्यरूपाने मिळे. पाटलाचे शेत असो की गरिबाचे, पाटकरी क्रमाने भिजवीत जाई. बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्याने टंचाईच्या साली एखादा फड पडीक ठेवला तर झळ सर्वांनाच सारखी लागे. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याच्या दृष्टीने असा तुकडा हा दोषच. फडात मात्र तोच न्यायाचा आधार होता. दप्तर आणि शिवार यांचे नेहमीच जुळते असे नाही!

कालव्यातील गाळ काढणे, लव्हाळा व झुडपे तोडणे, फुटलेला बांध बुजविणे, ही कामे खातेदारच मिळून करीत. १८८४ साली मुंबई सरकारच्या नोकरीत लागलेले विश्वेश्वरय्या यांनी आरंभीच्या काळात पांझरेच्या खोऱ्यात काम केले. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी आणलेल्या ब्लॉक पद्धतीचे फडाशी साम्य स्पष्ट दिसते.

पुढे वरच्या अंगाला हरणबारी, केळझर, अक्कलपाडा अशी धरणे झाली व नदीचा जुना ओघ राहिला नाही. विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या. ज्याच्या विहिरीला पाणी, तो कालव्यावर फावडे घेऊन येईनासा झाला, आणि चाऱ्यांत बेशरम व गाजरगवत माजले. वास्तविक बंधाऱ्याच्या व कालव्याच्या पाझरावरच जवळपासच्या पुष्कळ विहिरी तग धरतात.

२००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना सिंचनाची व्यवस्था स्वतः पाहण्याचा अधिकार मिळाला आहे. अशा संस्थेने पाटकरी नेमावा की पाळ्या लावाव्यात, हा सभासदांचा प्रश्न. गाळ दोन्ही रीतींत काढावाच लागतो.