क्लार्क : आडनावातला कारकून

मायकेल क्लार्कची फलंदाजी आपण पाहिली आहे, आर्थर सी. क्लार्क यांच्या विज्ञानकथा अनेकांनी वाचल्या आहेत आणि सुपरमॅनचे साधे रूप, तो चष्मेवाला क्लार्क केंट, मुलांना ठाऊकच आहे. कचेरीतला आपला 'क्लार्क' आणि हे क्लार्क मुळात एकच. आम्ही सरकारी नोकरीत फायलींच्या संगतीने दिवस काढणारी माणसे; त्यामुळे या नावाबद्दल आम्हाला थोडी भाऊबंदकी वाटते. म्हणून त्याची ही कुळकथा.

ग्रीक 'क्लेरोस' म्हणजे वाटा किंवा वारसा. त्यावरून लॅटिनमध्ये 'क्लेरिकस' झाला, म्हणजे ख्रिस्ती धर्मसंस्थेचा दीक्षा घेतलेला सेवक. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लिहिता-वाचता येणारी माणसे बहुतेक चर्चमधलीच असत. साहजिकच राजाचे हुकूम, जमिनीचे दस्त आणि जमाखर्च त्यांच्याच हाती आले. पुढे या शब्दाचा अर्थ लेखनिक, विद्वान असाही झाला. वरच्या पायरीच्या धर्मगुरूंना लग्नाची मनाई होती, पण खालच्या पायरीवरच्यांना संसार करता येई. त्यांच्या मुलाबाळांकडे बापाचा हुद्दा आडनाव म्हणून राहिला. 'क्लार्कसन' म्हणजे तर उघडच क्लार्कचा मुलगा.

त्या काळी इंग्रजीत 'एर'चा उच्चार बऱ्याच शब्दांत 'आर' झाला. आडनाव तसेच लिहिले जाऊ लागले. नोकरीच्या शब्दाचे स्पेलिंग मात्र जुनेच राहिले. आजही इंग्रज माणूस कारकुनाला 'क्लार्क' म्हणतो आणि अमेरिकन 'क्लर्क'.

अक्षरओळखीची किंमत तेव्हा किती होती, ते एका कायद्यावरून दिसते. धर्मसेवकांना राजाच्या न्यायालयातून सूट असे. पुढे ज्याला वाचता येते तो धर्मसेवक, असेच न्यायालये धरून चालू लागली. आरोपीपुढे बायबलातले 51वे स्तोत्र ठेवत. वाचले तर फाशी टळे. लोक त्याला 'मानेचे कडवे' म्हणत, आणि काही निरक्षर ते पाठच करून येत! नाटककार बेन जॉन्सन याने 1598 मध्ये द्वंद्वात एकाला ठार मारले, तेव्हा याच सवलतीने त्याचा जीव वाचला; फक्त अंगठ्यावर डाग दिला गेला. ही सवलत 1827 मध्ये रद्द झाली.

सगळे क्लार्क मात्र इंग्रज वंशाचे नाहीत. आयर्लंडमध्ये 'ओ क्लेरी' हे फार जुने आडनाव; तेही त्याच लॅटिन शब्दावरून आलेले. या घराण्यातल्या मीहाल ओ क्लेरी याने सहकाऱ्यांसह 1632 ते 1636 या काळात आयर्लंडची मोठी बखर लिहून काढली. इंग्रजी अंमलात अशा अनेक कुटुंबांचे नाव 'क्लार्क' असे लिहिले गेले. अर्थ टिकला, पण नावातली आपली भाषा गेली.

आपल्या इतिहासातही एक क्लार्क आहेत. सर जॉर्ज क्लार्क 1907 ते 1913 मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्याच कारकिर्दीत, 1908 मध्ये, 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला होऊन सहा वर्षांची शिक्षा झाली. ज्याच्या आडनावाचा अर्थ लेखनिक, त्याच्या सरकारला लेखणीचीच धास्ती! आणि मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी काय केले? तर 'गीतारहस्य' लिहिले.

आता आपल्या घराकडे वळू. 'कारकून' हा फारसी शब्द, अर्थ साधा : काम करणारा. फडणीस म्हणजे फर्दनवीस, हिशेबाच्या फर्दा लिहिणारा. नाना फडणवीसांचे मूळ आडनाव भानू. पण हुद्दाच नाव होऊन बसला. पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार पाहणारा, चिटणीस म्हणजे चिठ्ठ्या-पत्रे लिहिणारा. बडोद्यात आपल्या शेजारी राहणारे मुनशी आणि मेहता हेही याच लेखणीच्या पंगतीतले. गंमत अशी, की 'चिटणीस' हे आडनाव आपण अभिमानाने सांगतो आणि 'नुसता कारकून आहे' असे म्हणताना नाक मुरडतो. काम तर एकच!

आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलो. मुलांची शाळा गुजरातीत किंवा इंग्रजीत, सरकारी कागद तिसऱ्याच लिपीत. अशा घरात कधी कधी आडनाव हाच शेवटचा मराठी शब्द उरतो. दाखल्यावर ते कसेही उमटो, त्याचा अर्थ घरात कोणाला तरी ठाऊक हवा. ओ क्लेरींचे काय झाले ते आपण पाहिलेच.

तेव्हा या दहा दिवसांत एवढे करू या. आरती झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांना आडनावाचा अर्थ, मूळ गाव आणि पूर्वजांचे काम विचारू आणि मुलांच्या हातून वहीत उतरवून घेऊ. व्यासांचे महाभारत लिहून घेणारा आपला गणराय हाच तर आद्य लेखनिक. त्याच्यासमोर बसून चार ओळी लिहिण्यात कसला कमीपणा?